मी बांधलेला कर्नल

माझी मुलगी माझ्या कामाच्या जागी आली तेव्हा ती पंचवीस वर्षांची होती आणि मी सत्तेचाळीस. भिवंडीजवळच्या पूर्णा गावातल्या एका मोठ्या गोदामात मी कंप्युटर सांभाळते. कपडे, कुकर, चार्जर, काय वाटेल ते तिथे येतं आणि खोक्यांत भरून बाहेर जातं. पॅकिंगची चाळीस टेबलं आहेत. प्रत्येक टेबलावर एक स्कॅनर, एक लेबल छापायचा प्रिंटर, आणि टेबलाखाली स्क्रूने बसवलेला, मिठाईच्या बॉक्सएवढा एक लोखंडी डबा. तो डबा म्हणजे कंप्युटर. टेबलावरच्या बाया त्याला डबाच म्हणतात, आता मीही म्हणते.

मुलगी पुण्याला एका कंपनीत होती. मोबाईलचा प्रोसेसर कमीत कमी बॅटरीत कसा चालवायचा, असं काहीतरी तिचं काम. कंपनीने तिची अख्खी टीमच काढून टाकली आणि डिसेंबरात ती दोन बॅगा घेऊन घरी आली. रोज सकाळी लॅपटॉप उघडून अर्ज पाठवायची, दुपारी झोपायची. तिचे पप्पा शाळेत शिक्षक आहेत. ते संध्याकाळी आले की मोठ्याने काहीतरी विनोद करायचे, आणि ती हसायची नाही.

त्याच सुमाराला आमच्या गोदामात लेबल छापायचा नवा प्रोग्राम आला. जुन्याला एक सेकंद लागायचा, नव्याला सहा-सात. चाळीस टेबलं, दिवसभर. बाया स्कॅन करून हाताची घडी घालून उभ्या राहायच्या आणि बाहेर ट्रकवाले हॉर्न मारायचे. एके दिवशी मॅनेजरांनी मला बोलावलं.

“मॅडम, आपकी बेटी कंप्युटर इंजिनिअर है ना? घर पे बैठी है तो पंद्रह दिन भेज दो. देख लेगी.”

“मी बघतेय ना सर.”

“आप तो एक महिने से देख रही हो,” ते म्हणाले. रागावून नाही. साधंच.

घरी येऊन मी तिला सांगितलं तेव्हा तिचा चेहरा दोन महिन्यांत पहिल्यांदा उजळला. दुसऱ्या दिवशी दोघींचे जेवणाचे डबे मी एकाच पिशवीत घातले. निजामपुऱ्याच्या नाक्यावरून आम्ही शेअर रिक्षा पकडली. मला बरंच वाटत होतं. लेक शेजारी बसलीय, दोघी एकाच कामाला चाललोय. हेवा वगैरे काही तोवर मनात नव्हता. निदान मला तसं वाटत होतं.

इथे मला थोडं मागचं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

मी आयटीआयला कंप्युटरचा कोर्स केला. मग लग्न, मग मुलगी. निजामपुऱ्यात गल्लीतल्या एका क्लासमध्ये मी मुलींना टायपिंग शिकवायची. शेजारी कापड विणायचे लूम चालायचे, ओरडूनच शिकवावं लागायचं. क्लास बंद पडला तेव्हा या गोदामात डेटा एंट्रीला लागले. कंप्युटर बघणारा माणूस नोकरी सोडून दुबईला गेला, आणि मी त्याच्या मागे उभी राहून बघायचे म्हणून ते काम माझ्याकडे आलं. विचारायला कोणी नव्हतं. इंग्रजी पानं उघडायची, शब्द अडला की मोबाईलमध्ये अर्थ बघायचा, वहीत मराठीत लिहून ठेवायचं. अशा सात वह्या झाल्या.

दोन उन्हाळ्यांपूर्वी डबे बंद पडायला लागले होते. एप्रिलच्या दुपारी, पत्र्याखाली, एकामागून एक. भिवंडीत या लूममुळे हवेत कापसाचे तंतू असतात. ते डब्याच्या फटींत जाऊन बसतात, आतली उष्णता बाहेर पडत नाही, आणि फार तापला की डबा स्वतःहून बंद होतो. मी एकेक डबा उघडून ब्रशने साफ केला. आठ दिवसांत परत तेच. मग वाचता वाचता मला कळलं की प्रोसेसर किती वेगाने धावणार हे ठरवता येतं. कंप्युटरच्या अगदी तळाशी जो प्रोग्राम चालतो, ज्याच्यावर बाकी सगळं उभं असतं, त्याला कर्नल म्हणतात. त्या कर्नलमध्ये गव्हर्नर नावाचा एक भाग असतो. काम आलं की वेग वाढव, संपलं की उतरव, हे तो बघतो. त्याला सांगता येतं, की बाबा, तू कायम खालच्याच वेगाला राहा. वेग कमी तर उष्णता कमी.

आमचे सगळे डबे सुरू होताना सर्व्हरवरून एकच कर्नल उचलतात. म्हणून मी घरच्या जुन्या कंप्युटरवर एक नवा कर्नल तयार केला, ज्यात सुरुवातीपासूनच सगळ्यात खालचा वेग ठरवून दिलेला होता. रविवारचा अख्खा दिवस गेला. तीनदा चुकला, चौथ्यांदा जमला. सोमवारी तो सर्व्हरवर चढवला, आणि उरलेल्या उन्हाळ्यात एकही डबा बंद पडला नाही. तेव्हाचे मॅनेजर “अच्छा है” म्हणाले. पुढे ते बदलून गेले. माझ्या नवऱ्याला मी त्या रात्री सांगितलं, तर ते म्हणाले, “म्हणजे आता दुरुस्तीला लवकर जायला लागणार नाही ना?” चुकीचं काहीच बोलले नाहीत. पण मला कुणीतरी विचारावं असं वाटत होतं, की कसं केलंस.

तर नवा प्रोग्राम का रेंगाळतोय हे मला ठाऊक होतं. वेग मीच बांधला होता. पण तो सोडला तर उन्हाळ्यात काय होईल हेही ठाऊक होतं. म्हणून मी महिनाभर प्रोग्राममध्येच काही हलकं करता येतं का ते शोधत होते. मुलगी आली तेव्हा मी तिला यातलं काही सांगितलं नाही. म्हटलं बघू, तिला किती वेळ लागतो. दोन दिवस तरी लागतील असा माझा अंदाज होता.

पावणेदोन तास लागले.

ती चौदा नंबरच्या टेबलाखाली मांडी घालून बसली होती, लॅपटॉप गुडघ्यावर. कीबोर्डकडे बघतसुद्धा नव्हती. मला अजूनही एकेक कमांड वहीत बघून घालावी लागते. अचानक ती हसली.

“मम्मी, हे बघ. प्रोसेसर चोवीसशे मेगाहर्ट्झला जाऊ शकतो आणि हे सगळे डबे आठशेला बांधून ठेवलेत. तेही कर्नलमध्येच. कुठल्या अडाण्याने केलंय हे?”

तिला माहीत नव्हतं. ती त्या दुबईला गेलेल्या माणसाबद्दल बोलत होती. मी “काय माहीत” म्हटलं आणि प्रिंटरचा रोल बदलायला गेले. प्रिंटरचा रोल संपला नव्हता.

तिसऱ्या दिवशी तिने नवीन कर्नल चढवला. आता सगळे डबे कायम वरच्या वेगाला. लेबल बोट उचलायच्या आत बाहेर यायला लागलं. बायांनी टाळ्या वाजवल्या. मॅनेजरांनी सगळ्यांसाठी समोसे मागवले. “बेटी ने तो कमाल कर दिया,” ते मला म्हणाले, आणि मी मान हलवली, आईने हलवावी तशी. माझा समोसा मी कागदात गुंडाळून पिशवीत टाकला.

त्याआधी एक गोष्ट झाली होती. ती मला सांगायलाच हवी, कारण तीच खरी माझी चूक. कर्नल चढवायच्या आदल्या दिवशी जेवताना मुलीने विचारलं होतं, “मम्मी, इथे उन्हाळ्यात कधी काही त्रास झालेला का? तापून मशीन बंद वगैरे?”

मी भाजीतली मिरची बाजूला काढत होते.

“आठवत तरी नाही,” मी म्हणाले.

एवढंच. फेब्रुवारी होता, सकाळी स्वेटर घालून येत होतो आम्ही. तिने माझ्यावर विश्वास ठेवला.

पुढचा महिनाभर मी कशी वागले ते आठवलं की लाज वाटते. तिचे पंधरा दिवस संपले तरी मॅनेजरांनी तिला थांबवून घेतलं. काचेच्या केबिनमध्ये तिच्यासाठी एक खुर्ची ठेवली. मी गोदामात दहा वर्षं स्टुलावर बसतेय. बाया तिला ‘बारकी मॅडम’ म्हणायला लागल्या, आणि काही अडलं की हाक तिला मारायच्या. पप्पा फोनवर सगळ्यांना सांगायचे, “आमच्या पोरीने तीन दिवसांत केलं.” मी भांडी आपटायची. ती एखादी गोष्ट समजावून सांगायला लागली की मी म्हणायची, “मला कळतं गं.” खरं तर बरंच कळत नव्हतं, आणि विचारावंसंही फार वाटत होतं. एकदा तिने माझी एक वही उचलली, तर मी ती तिच्या हातातून काढून घेतली.

मला तिच्या पगाराचा किंवा खुर्चीचा हेवा नव्हता. तिला विचारायला माणसं होती याचा होता. तिच्या बोलण्यात सारखं यायचं, आमच्या सरांनी दाखवलं, रूममेटने सांगितलं, टीममधल्या एकाने चूक काढली. माझी चूक काढायला कधी कुणी नव्हतं. ती जे पावणेदोन तासांत शोधायची, ते मला सापडायला अर्धा उन्हाळा गेला होता, आणि ते तिला अडाण्याचं काम वाटलं होतं. आईला लेकीचा असा हेवा वाटतो का, हे मी कुणाला विचारणार? बुद्धविहारात शेजारी बसणाऱ्या बायकांत प्रत्येकीला आपल्या मुलीचं कौतुकच होतं. मीही त्यांच्यात बसून कौतुकच सांगायचे.

मार्चच्या शेवटी मॅनेजरांनी तिला कायमची नोकरी देऊ केली. सिस्टीम इंजिनिअर. म्हणजे माझी वरिष्ठ. ती म्हणाली, विचार करून सांगते.

त्याच आठवड्यात ऊन चढलं. बुधवारी दुपारी दोनच्या सुमाराला बावीस नंबरचा डबा बंद पडला. मग तेवीस. मग पलीकडच्या रांगेतला सात. मुलगी धावत गेली, सुरू केला, तोवर आणखी तीन गेले. तीन वाजेपर्यंत निम्मी टेबलं बंद पडली होती. मी माझ्या स्टुलावरून उठले नाही. खोटं कशाला बोलू, पहिली पाच-दहा मिनिटं मला बरं वाटलं. बघ आता, असं वाटलं.

मग तिने एका डब्याला हात लावला आणि झटकन मागे घेतला. बोटं तोंडात घातली, लहानपणी घालायची तशी. मॅनेजर तिच्या मागे येऊन उभे राहिले होते, सगळ्या बायांसमोर.

“डिग्री का क्या फायदा? पुराना सिस्टीम धीमा था, लेकिन बंद तो नहीं होता था!”

तिचे कान लाल झाले. मी तोंड उघडलं आणि मिटलं. तेवढं मात्र मला अजून दिसतं, की मी तोंड उघडलं होतं आणि मिटलं.

बावीस नंबरच्या टेबलावर पूर्णा गावातलीच एक बाई आहे, सगळ्यांत जुनी. तिने मुलीला पाण्याची बाटली दिली. “रडू नको गो. दोन वर्साआधी बी डब्यांना असाच ताप आलता. तवा तुझ्या आयशीनंच बरं केलं व्हतं.”

मुलीने वळून माझ्याकडे बघितलं. मग केबिनमध्ये जाऊन लॅपटॉप उघडला. पाच मिनिटांनी तो बंद केला, आणि सुट्टी होईपर्यंत नुसती बसून राहिली.

परतीच्या रिक्षेत आम्ही दोघी मागे, आमच्या शेजारी मांडीवर भाजीची पिशवी घेतलेली एक अनोळखी बाई. अर्धा रस्ता गेल्यावर मुलगी समोर बघतच म्हणाली, “जुना कर्नल तू बांधलेलास ना?”

“ती बाई म्हणाली म्हणून?”

“कर्नल तयार होतो ना, तेव्हा ज्या कंप्युटरवर तो बनवला त्याचं नाव त्याच्यात आपोआप लिहिलं जातं. जुन्यात आपल्या घरच्या कंप्युटरचं नाव आहे. चिमणी. ते नाव दहावीत मीच दिलं होतं.”

मला हे माहीत नव्हतं. दोन वर्षं माझं काम असं घरचं नाव घेऊन त्या सर्व्हरवर बसलं होतं आणि मला पत्ता नव्हता.

“मी तुला विचारलं होतं, मम्मी. उन्हाळ्यात काही झालेलं का म्हणून.”

“हो.”

“विसरलीस का तू?”

हो म्हटलं असतं तर तिथेच मिटलं असतं. तिला तेच हवं होतं, हे तिच्या आवाजातून कळत होतं.

“नाही,” मी म्हणाले. “विसरले नव्हते.”

“मग का?”

“तुझा हेवा वाटत होता.”

भाजीची पिशवी घेतलेल्या बाईने मान पलीकडे वळवली. मुलगी आता माझ्याकडे वळली. मग म्हणाली, “माझा? मला नोकरी नाहीये, मम्मी. तुझ्या ओळखीने आलेय मी इथे.” आणि रडायला लागली, आवाज न करता. मी तिच्या हाताला हात लावला. तिने तो काढून घेतला.

घरी तिने पप्पांना काही सांगितलं नाही. मी सांगितलं. त्यांनी हातातला पोळीचा तुकडा परत ताटात ठेवला. “उद्या जाऊन साहेबांना सांग,” एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी काचेच्या केबिनमध्ये उभी राहून मॅनेजरांना सगळं सांगितलं. जुनं मीच केलं होतं, का केलं होतं, आणि मुलीने विचारलं तेव्हा मी लपवलं. रात्रभर मी ही वाक्यं जुळवली होती. ते फोनमध्ये ट्रकचं काहीतरी बघत होते.

“मतलब आपको पता था, ये गरम होगा?”

“हो सर.”

“तो पहले बोलना था ना, मॅडम. चलो, अब ठीक करो. दोपहर से पहले.”

बस. त्यांना मशीन चालू हवी होती, त्यापलीकडे त्यांना त्यात रस नव्हता. नोकरी जाईल अशा तयारीने मी गेले होते. ती गेली नाही, पण सुटल्यासारखंही वाटेना. पण मी तिथेच थांबले आणि म्हणाले, “सर, काल तुम्ही तिला सगळ्यांसमोर बोललात. आता चूक तिची नव्हती, हेही सगळ्यांसमोर सांगा.” त्यांनी वर बघितलं. दुपारी जेवणाच्या सुट्टीत ते टेबलांपाशी येऊन “बच्ची की गलती नहीं थी” असं काहीसं पुटपुटले आणि गेले. माझं नाव त्यांनी घेतलं नाही. मी घेतलं. बावीस नंबरवालीला मी सांगितलं, की तिने मला विचारलं होतं आणि मीच सांगितलं नाही. ती म्हणाली, “असं कसं केलंस गो बाय?”

मुलगी माझ्याशी कामापुरतंच बोलत होती. “तेव्हा तापमान किती जायचं?” तिने विचारलं. मी पाचवी वही काढून तिच्यासमोर ठेवली. त्या उन्हाळ्यात मी रोज दुपारी तीन वेळा प्रत्येक टेबलाचं तापमान लिहून ठेवलं होतं, चाळीसही टेबलांचं. ती पानं उलटत गेली. एका पानावर थांबली.

“बावीस-तेवीसला कायम जास्त आहे. का?”

“वर पत्र्याला पंखा नाही. आणि सात ते नऊ ट्रकच्या दाराशी आहेत, बाहेरची झळ येते.”

“हे सगळं तू हाताने लिहिलंयस?”

“मग कशाने लिहिणार?”

ती हसली नाही, पण तिने खुर्ची थोडी सरकवून मला बसायला जागा केली.

तिचं म्हणणं होतं, आपण दोघीही टोकाला गेलो. तू कायम खाली बांधलंस, मी कायम वर. काम येईल तसा वेग वाढवणारा गव्हर्नर लावू, आणि तो किती वर जाऊ शकतो त्याला एक मर्यादा घालू. ती मर्यादा सगळ्यांना सारखी नको, हे मी म्हणाले. ज्या टेबलांवर पत्रा तापतो तिथे कमी, बाकीच्यांना जास्त. तिला ते पटलं. तिने ते डबा सुरू होतानाच वाचलं जाईल असं लिहिलं, आकडे मी वहीतून सांगत गेले. एका आकड्यावरून आमचं वाजलंही. तिला बावीस नंबरला अठराशे चालेल असं वाटत होतं, मी सोळाशेच्या वर जाऊ देईना. शेवटी सोळाशे ठेवलं. लेबलाला दोन सेकंद लागायला लागले. मे महिनाभर एकही डबा बंद पडला नाही.

त्या कामात ती माझ्याशी परत बोलायला लागली. पण पूर्वीसारखं नाही. अजूनही मी एखादी गोष्ट ‘आठवत नाही’ म्हटलं की ती क्षणभर माझ्याकडे बघते.

तिने इथली नोकरी घेतली नाही. जूनच्या सुरुवातीला तिला बेंगळुरूला चांगली जागा मिळाली, पुन्हा तिच्याच कामाची. जायच्या आधीच्या रविवारी आम्ही तिघं अकलोलीला गरम पाण्याच्या कुंडांवर गेलो होतो. पाणी चटका लागेल एवढं गरम, आणि ती त्यात पाय सोडून पप्पांना सांगत होती, “मम्मीने एकटीने कर्नल बांधला होता, पप्पा, कुणाला न विचारता. माझ्या कॉलेजात निम्म्यांना नसता जमला.” ते “असं?” म्हणाले आणि माझ्याकडे बघितलं. त्यांनी विचारलं, कसा बांधलास? मी सांगायला सुरुवात केली. त्यांना फार कळलं नाही, पण त्यांनी मध्ये तोडलं नाही.

काचेच्या केबिनमधली खुर्ची अजून कुणाला दिलेली नाही. तिच्यावर लेबलांचे रोल ठेवतात.

परवा तिचा फोन आला. आता ती ज्या कर्नलवर काम करते तो जगभर चालतो. त्यात तिने केलेला एक छोटा बदल घेतला गेला होता, याच वेग कमी-जास्त करण्याच्या भागात. ती आनंदाने भराभरा बोलत होती. मी “छान गं” म्हटलं, फोन ठेवला, आणि छातीत ते जुनं टोचलं. जात नाही ते. मी ओट्यापाशी जाऊन डाळ धुतली. कुकर लावला. मग परत फोन लावला आणि म्हटलं, तो बदल काय आहे, नीट सांग, मी वही घेऊन बसलेय.

तिने अर्धा तास सांगितलं. दोनदा मला थांबवून विचारलं, “कळलं का?” एकदा मी हो म्हणाले. दुसऱ्यांदा म्हणाले, नाही कळलं, परत सांग.